खांबाच्या भरवशावरची गल्ली

मुकादमांचं घर आमच्या घराला लागून होतं. भिंत एकच. त्यांनी तिकडे खिळा ठोकला की आमच्या इकडचं कॅलेंडर हलायचं. त्या घरातल्या वहिनींबद्दल काहीतरी लिहावं असं माझ्या मनात बरेच दिवस आहे. लिहिण्यासारखं त्यांच्यात काय, असं कुणी विचारलं तर मला पटकन सांगता यायचं नाही. त्या शिलाई करायच्या. शाळेचे गणवेश, झबली, अभ्रे, कुणाची उसवलेली चेन. मी त्यांच्याकडे काजं-बटणं करायला बसायचे, म्हणून दुपारची आम्ही दोघी एका खोलीत असायचो. बोलणं बेताचंच. मशीनच बोलायचं.

वहिनी मुकादमांच्या बायको. मुकादमांचा उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेला. खाणीत कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच जाड खांब राखून ठेवतात, वरचं छत तोलायला. भोवतीचा सगळा कोळसा संपला की शेवटी ते खांबही काढायचे, काढत काढत माघारी यायचं आणि मागचं छत कोसळू द्यायचं. हे शेवटचं काम मुकादमांची टोळी करायची. ज्याच्या आधारावर उभं राहायचं तोच काढून घ्यायचा आणि मागे सरायचं. "घरजावयाचं काम," मुकादम म्हणायचे. "ज्याचं खायचं त्याचंच पोखरायचं."

एकदा त्यांना वरून हुकूम आला, की एका ठिकाणी खांबांची जाड रांग तशीच राखायची. पलीकडच्या जुन्या खाणीत पाणी तुंबलं होतं, ते इकडे फुटू नये म्हणून. मुकादमांनी ती रांग राखली. नुसती राखली नाही, तर उताराच्या बोगद्याच्या तोंडापासून त्या रांगेपर्यंत ते रोज जाता-येता पावलं मोजायचे. पुढे नोकरी संपली, कंपनीचं घर सोडायची वेळ आली, तेव्हा ते बोगद्याच्या तोंडाशी उभे राहिले, त्याच दिशेला तोंड केलं आणि वर उजेडात तेवढीच पावलं चालत गेले. जिथे थांबले तिथे टाच रोवली आणि म्हणाले, "ह्याच्या खाली माझा खांब आहे. बांधा घर."

त्यांचं बघून आमच्या ह्यांनी बांधलं. मग न्हाव्याने, मग पिठाच्या गिरणीवाल्याने, मग दोघी विधवा बहिणींनी. खाली सगळा मुलूख पोकळ, सगळ्यांना ठाऊक. पण मुकादमाच्या टाचेखाली पोकळ नाही, हेही सगळ्यांना ठाऊक. गल्लीच्या अलीकडे, बोगद्याच्या बाजूला, एक मोठं मोकळं मैदान होतं. तिथे कुणी घरासाठी दोरी धरायला लागलं की मुकादम काठी आपटत जायचे. "इथं नको. इथं खाली काही ठेवलेलं नाही मी." त्या मैदानात पुढे लोक राख टाकायला लागले.

म्हणजे बघा, माणसाजवळ सांगण्यासारखं एकच असतं. कुणाचा मुलगा डॉक्टर असतो, कुणाचा गळा गोड असतो. मुकादमांजवळ तो खांब होता. आणि वहिनींजवळ मुकादम होते.

घराला पहिले तडे कधी गेले ते आम्हा कुणालाच आठवत नाही. आधी दार घासायला लागलं. मुकादमांनी रंधा मारला. मग खिडकी अडकली. मग फरशीच्या सांध्यातून मुंग्या यायला लागल्या. वहिनी तड्यात ओलं सिमेंट बोटाने भरायच्या, मुलाच्या तोंडात घास भरावा तसं, आणि बोट पदराला पुसून परत मशीनवर बसायच्या. मशीनच्या एका पायाखाली त्यांनी चिंधीची घडी घातली होती. काही दिवसांनी आणखी एक. त्या घड्यांबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

त्यांच्या हातून दोऱ्याचं रीळ पडलं की ते जमिनीवरून लोळत लोळत नेमकं एकाच कोपऱ्यात जायचं. कोणतंही रीळ, कुठूनही पडू दे. त्या कोपऱ्यात त्यांच्या नातीचा पाळणा होता. मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. सून आणि नात वहिनींजवळ. नात नुकती पाळण्यातून उतरून रांगायला लागलेली. रीळ तिच्याकडे आलं की ती हसायची. तिला वाटायचं आजी खेळतेय.

मग कंपनीची माणसं आली. भिंतींवर जिथे तडे होते तिथे त्यांनी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. जमीन हलली की काच तडकते म्हणे. आमच्याकडची पट्टी आठवडाभरात तडकली. वहिनींकडची त्याआधीच. वहिनींनी ती खरवडून काढली, तुकडे झाडून केरात टाकले.

"अहो वहिनी, ती त्यांनी मुद्दाम लावलेली," मी म्हटलं.

"पोर रांगतेय," त्या म्हणाल्या. "काच नको घरात."

नंतर मोजणीवाली आली. तरुण मुलगी, डोक्यावर शिरस्त्राण, तीन पायांची दुर्बीण. गल्लीच्या नळावर तिने सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, की ही जागा सोडावी लागेल. टेकाडापलीकडे कंपनीच्या रिकाम्या खोल्या आहेत, तिथे सगळ्यांची सोय होईल. पण लवकर निघा.

सगळ्यांनी मुकादमांकडे पाहिलं. मुकादम न्हाव्याच्या ओट्यावर बसले होते.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही त्या खांबापाशी कधी गेलात?"

"नाही काका. तिथे आता कुणालाच जाता येत नाही. सगळं पाण्याखाली आहे. पण नकाशा आहे माझ्याजवळ."

"नकाशा कागदाचा. खांब कोळशाचा. कशावर घर बांधू, सांगा."

लोक हसले. मुलगी हसली नाही, रागावलीही नाही. "काका, खांब आहे. तो नाही असं मी म्हणतच नाही. पण तो त्या मैदानाखाली आहे. तुमच्या गल्लीखाली नाही."

"म्हणजे चालत गेला की काय?" न्हावी म्हणाला. "मुकादम, तुमचा खांब फिरायला निघालाय. मफलर दिला होता ना त्याला?"

हसू इतकं झालं की त्या मुलीने दुर्बिणीचे पाय मिटले. जाताना ती वहिनींच्या दारात थांबली. पाणी मागितलं. वहिनींनी दिलं. पिऊन तांब्या परत करताना ती म्हणाली, "काकू, तेवढं काकांना सांगा. पाऊस लागायच्या आत निघायला हवं." वहिनी 'बरं' म्हणाल्या. त्या सगळ्यालाच 'बरं' म्हणायच्या.

गल्ली काही हलली नाही. मुकादम म्हणतील तर निघू, असं जो तो म्हणत होता. मुकादम म्हणत नव्हते. खरं सांगायचं तर आम्हाला भीतीही वाटेनाशी झाली होती. रोज रोज भ्यायचं तरी किती. सकाळी उठलं की भिंतीकडे एक नजर टाकायची, देवाला हात जोडायचे आणि चहा ठेवायचा. चहा पातेल्यात एका बाजूला कलायचा. आम्ही पातेलंच फिरवून ठेवायचो.

त्या दिवशी दुपारी वहिनी नातीचा झगा शिवत होत्या. कळ्यांचा झगा, खाली घेर असलेला. कळी म्हणजे कमरेशी निमुळता आणि खाली रुंद असा तुकडा. त्याची एक बाजू सरळ उभी असते, दुसरी तिरकी उतरते. वहिनींनी कळी टेबलावर पसरली, टेप लावली, सरळ बाजू मोजली. मग तिरकी मोजली. मग कात्री हातात घेतली आणि तशीच धरून राहिल्या.

मला वाटलं, सुई टोचली की काय.

"काय झालं?"

"काही नाही." त्यांनी पुन्हा टेप लावली. सरळ. तिरकी. हे माप त्या लहान मुलगी असल्यापासून घेत आलेल्या. तिरकी बाजू नेहमीच लांब भरते, म्हणून खालून जास्तीचं कापून टाकायचं, नाहीतर झगा कडेला लोंबतो. नव्या शिकाऊ मुलीलाही त्या हे पहिल्याच दिवशी सांगायच्या. त्यात बघत बसण्यासारखं काय होतं, मला कळेना.

"बोगद्यातून हे खाली कसे जायचे हो?" त्यांनी मला विचारलं. "सपाटीने, की उतरत?"

"उतरत. म्हणून तर उताराचा बोगदा म्हणतात त्याला."

"आणि वर पावलं टाकली ती सपाटीला."

मी सुईत दोरा घालत होते. दोरा गेला, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. खाली जेवढी पावलं उतरत गेले तेवढीच वर सपाटीला चालले, म्हणजे खांबाच्या पुढे गेले. खांब मागे राहिला. मागे काय आहे? मैदान.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या कोपऱ्याकडे पाहत होत्या. नात तिथे झोपली होती, तोंडाशी रीळ धरून.

"सांगणार?" मी म्हटलं.

"त्यांना एवढं एकच आहे," वहिनी म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं. भाजी संपली म्हणावं तसं. "हेही काढून घेतलं तर राहील काय त्यांच्यापाशी?"

माझी मुलंही त्याच भिंतीपलीकडे निजायची. सांगा म्हणावं तर त्यांचा संसार, सांगू नका म्हणावं तर माझा. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि बटण लावत राहिले. ते बटण मी चुकीच्या बाजूला लावलं, नंतर उसवावं लागलं.

दोन दिवस गेले. कळी टेबलावर तशीच पडून. तिसऱ्या दिवशी मुकादम जेवून ओट्यावर निघाले होते, त्यांना वहिनींनी हाक मारली.

"अहो, जरा टेपचं टोक धरता का?"

"आता म्हातारपणी शिंपी करतेस होय मला?"

"शेजारणीच्या एका हातात सुई, एका हातात कप. तिला कुठं वेळ आहे. धरा."

मी कप खाली ठेवला. मुकादमांनी टोक धरलं. वहिनींनी सरळ बाजू मोजली आणि आकडा सांगितला. तिरकी मोजली आणि आकडा सांगितला.

"लांब भरली," मुकादम म्हणाले. "वाकडं कापलंस."

"नीटच कापलंय. दोन्ही एकाच कमरेपासून निघतात, एकाच काठाला पोचतात. तिरकी लांबच भरते."

"मग?"

"मग जास्तीचं कापून टाकावं लागतं." वहिनी थांबल्या. कात्री त्यांनी टेबलावर ठेवली, हातात धरली नाही. "तुम्ही कापलं नाहीत."

मुकादमांनी आधी वहिनींकडे पाहिलं, मग कळीकडे. त्यांचा अंगठा टेपवर होता. त्यांनी तो तिरक्या कडेवरून वरून खाली नेला, हळूहळू, जसं अंधारात भिंतीला हात लावत चालावं तसं. खाली काठापाशी पोचल्यावर थांबला. मग ते सरळ बाजूकडे वळले नाहीत. गरजच नव्हती. ह्या माणसाने आयुष्यभर त्या उतारावर पाय टाकले होते. त्याला दोनदा सांगावं लागत नाही.

टेपचं टोक त्यांच्या हातात तसंच. वहिनींनी हलकेच ओढलं तेव्हा सुटलं.

मुकादम बाहेर गेले. मी दारातून पाहिलं. ते मैदानात गेले, राखेच्या ढिगांमधून. मधोमध उभे राहिले. पायाने राख बाजूला सारली. खाली माती लागली, तिच्यावर टाच रोवली आणि तसेच उभे. कितीतरी वेळ. त्यांच्या बाजूने बकऱ्या गेल्या. एक बकरी त्यांच्या धोतराचा सोगा चाटून गेली.

परत आले. म्हणाले, "चहा टाक."

वहिनींनी चहा टाकला. पातेलं फिरवून ठेवलं. दोघांनी प्यायला. मला वाटलं, झालं, हा माणूस आता हे गिळून बसणार आणि आपण सगळे ह्याच्या पोटात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची वेळ. नळावर सगळ्या बायका, हंडे, भांडणं. न्हावी दात घासत उभा. मुकादम आले. त्यांनी नळ बंद केला. पाण्याचा आवाज थांबला तेव्हाच सगळ्यांनी वर पाहिलं.

"माझं माप चुकलं," ते म्हणाले. "खांब मैदानाखाली आहे. आपल्या खाली नाही. निघा."

कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं आकाश कोसळेल. दोघी बहिणींपैकी थोरली म्हणाली, "नळ सोडा आता, माझा हंडा अर्धाच भरलाय."

न्हाव्याने चूळ भरली. "म्हणजे मुकादम, एवढी वर्षं आम्ही झोपलो कशावर?"

"पोकळीवर."

"तरीच झोप हलकी लागायची."

गिरणीवाला मात्र चिडला. जातं म्हणजे मोठं यंत्र होतं त्याचं, ते हलवायचं म्हणजे हाडं मोडणार. "खांबवाला!" तो म्हणाला. "मोठा खांबवाला! तुझ्या टाचेवर विश्वास ठेवून पाया खणला मी!" आणि थुंकला. मुकादमांच्या पायाशीच. मुकादम त्या थुंकीकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी नळ सोडला. थोरलीचा हंडा भरेपर्यंत तोटी धरून उभे राहिले, कारण ती तोटी गळायची.

वहिनी आमच्या मागेच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. घरी गेल्या, आणि मशीनच्या पायाखालच्या चिंध्यांच्या घड्या काढून पिशवीत भरल्या. त्या घड्या घेऊन काय करायचं होतं, देव जाणे.

गल्ली हळूहळू रिकामी झाली. हातगाड्या, डोक्यावरच्या गाद्या, दारं काढून नेलेली, खिडक्या काढून नेलेल्या. आमच्या ह्यांनी कॅलेंडरचा खिळासुद्धा काढला. मुकादम प्रत्येकाचं सामान उचलू लागले. कुणी नको म्हटलं नाही, कुणी बरं झालं असंही म्हटलं नाही. गिरणीवाल्याच्या जात्यालाही त्यांनीच खांदा दिला. गिरणीवाला त्यांच्याशी बोलला नाही, पण मधल्या चढावर जातं टेकवून दोघं दमले तेव्हा त्याने आपली विडी अर्धी त्यांच्याकडे केली. मुकादमांनी घेतली.

त्यांचं स्वतःचं सामान शेवटी निघालं. वहिनी दोन्ही खोल्या झाडून घेऊन मगच बाहेर पडल्या. "कशाला?" सून म्हणाली. "आता कोण येणार आहे इथे?"

"झाडलेलं बरं," वहिनी म्हणाल्या.

पाऊस सुरू झाल्यावर एका दुपारी ते झालं. मोठा आवाज वगैरे काही नाही. टेकाडापलीकडे आम्हाला ऐकूही आलं नाही. चारा आणायला गेलेल्या कुणीतरी येऊन सांगितलं. मग उघडीप पडल्यावर मी आणि वहिनी जाऊन पाहिलं. गल्ली बसली होती. वापरून वापरून गादी मधे बसते तशी. नळ वाकून खाली गेलेला. आमची आणि त्यांची ती मधली भिंत उभी होती, तिच्या दोन्ही बाजूंना काही नव्हतं. वहिनींच्या घराचा तो कोपरा सगळ्यात खोल. तळाशी पाणी साचलेलं, आणि पाण्यात त्यांनीच बोटाने भरलेल्या सिमेंटची एक वेडीवाकडी रेघ, भिंतीच्या ढेकळावर.

वहिनी पाहत राहिल्या. त्यांनी हात जोडले नाहीत, मी जोडले. कुणी मेलं नाही, एवढं काय थोडं झालं? पण जोडलेल्या हातांना काही जाणवलं नाही. नुसते जोडलेले.

मैदान मात्र जसंच्या तसं. राखेवर कुठे कुठे गवत आलेलं. मधोमध एका दगडावर मुकादम बसले होते. आता ते रोज तिथे जायचे. त्यांना पाहून वहिनी म्हणाल्या, "घरी चला, अंगावर पाणी येईल."

"इथं आहे तो," मुकादम म्हणाले. जमिनीवर काठी टेकवली. "पक्का आहे."

"हो. चला."

ते उठले. वाटेत ते पुढे, आम्ही मागे. पूर्वी चालताना त्यांचे ओठ हलायचे, पावलं मोजत असल्यासारखे. मी मुद्दाम बाजूने पाहिलं. ओठ मिटलेले होते.

नव्या खोलीत आम्ही पुन्हा शेजारी आलो, मात्र मधे एक बोळ आहे. दुपारची मी परत काजं-बटणं करायला बसते. नातीचा झगा पुरा झाला, आता तिला तो आखूड होतो. परवा वहिनींच्या हातून रीळ निसटलं. खाली पडलं. आम्ही दोघींनी हातातलं काम थांबवलं. मुकादम खाटेवर पडले होते, त्यांनी मान वळवली. रीळ थोडं लोळलं आणि टेबलाच्या पायाच्या अलीकडेच थांबलं.

"थांबलं," मी म्हटलं.

"फरशी खडबडीत आहे," वहिनी म्हणाल्या, आणि वाकून रीळ उचललं.